फुलपाखरांची बाग

शाळेच्या अंगणात झेंडू, सदाफुली लावली की फुलपाखरे येतात. मध पितात नि निघून जातात. त्यांनी मुक्काम करावा असे वाटत असेल, तर त्यांच्या लेकरांचीही सोय हवी. मादी अंडी घालते ती अळीला चालणारा पाला पाहूनच. तेव्हा गुरुजी, कुंपणाची रुई तोडू नका. विहिरीपाशी लिंबू, कढीपत्ता लावा. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळीदेखील लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. लिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर चिरडू नका. ती अळी असेल. पुढे ती हिरवी होते, पाने कुरतडते. रोप लहान असेल, तर तिला उचलून मोठ्या झाडावर ठेवा. औषध मात्र फवारू नका. चार पाने गेली तर गेली. मुलांना कोष फुटताना पाहायला मिळेल!