कष्टाच्या म्हणी आणि त्यांचे उत्तरार्ध



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात मराठी, कन्नड आणि दखनी बोली एकाच बाजारात ऐकू येतात. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि जुन्या बिदर जिल्ह्याचे तालुके तीन राज्यांत विभागले गेले. म्हणींची वाटणी मात्र झाली नाही. मराठी माणूस 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो. त्याचा कन्नड शेजारी म्हणतो, 'हनि हनि कूडिदरे हळ्ळ, तेने तेने कूडिदरे बळ्ळ'. थेंब थेंब मिळून ओढा होतो आणि कणसा-कणसाने धान्याचे माप भरते.

उद्योगाचे महत्त्व सांगताना आपण अशा म्हणींचा आधार घेतो, आणि ते योग्यच आहे. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' म्हणत बसणाऱ्याची गत सर्वांस ठाऊक आहे. परंतु काळ्या मातीत तूर पेरणाऱ्या आणि पावसाने दगा दिल्यावर कामासाठी दूरच्या शहराची वाट धरणाऱ्या माणसास कष्टाचा उपदेश करण्यापूर्वी म्हण पूर्ण वाचली पाहिजे.

'कै केसरादरे बायि मोसरु', म्हणजे हात चिखलाने माखले तर तोंडात दही. 'आळागि दुडि, अरसागि उण्णु', म्हणजे गड्यासारखे राबावे, राजासारखे जेवावे. या म्हणींना दोन अर्धे आहेत. पूर्वार्ध कष्टकऱ्याने पाळावयाचा. उत्तरार्ध पुष्कळदा इतरांच्या हाती असतो. तो पाळला गेला नाही तर काय होते, हेही लोकांनी सांगून ठेवले आहे : 'आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते.' येथे दळणाऱ्याच्या श्रमांत काही उणे नाही. उणीव आहे ती पिठाच्या राखणीत.

हा विचार या भूमीस नवा नाही. बाराव्या शतकात कल्याण नगरीत शरणांनी 'कायक' म्हणजे श्रम आणि 'दासोह' म्हणजे त्या श्रमाच्या फळाचे वाटप, हे दोन शब्द जोडीने दिले. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मांनी अधिकाचे तांदूळ परत करावयास लावले, अशी कथा सांगतात.

थेंबांचे तळे होण्यासही व्यवस्था लागते. बिदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील 'करेज' आहे. जमिनीखालील बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, पाणी वाहून नेण्याची ही योजना होय. ती खोदण्यास असंख्य हात राबले असतील. पण उतार मोजणारा जाणकार आणि गाळ काढणारी माणसे नसती, तर ते श्रम वाया गेले असते.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळावी, असे त्यात नमूद होते. माझ्या मते, हा त्या जुन्या म्हणीचा उत्तरार्धच कायद्याच्या भाषेत लिहिला गेला.

म्हणून तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी मुलांकरवी घरोघरच्या वृद्धांच्या म्हणी दोन्ही भाषांत लिहवून घ्याव्यात आणि प्रत्येक म्हणीत कष्ट कोणाचे व फळ कोणाला, हे मुलांना विचारावे. ग्रामस्थांनी हजेरीपटावरील आपले नाव व दिवस स्वतः पाहून घ्यावेत. वाचता येत नसल्यास शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावेत. आणि आम्ही अधिकाऱ्यांनी, मजुरीचा कागद टेबलावर पडून असताना, कोणास चिकाटीचा उपदेश करू नये.