कान खाजवतोय, वजन घटतंय: तक्रारी दोन, गोचीड एक

आजचा भाग कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आहे. आणि जे गेटवरच्या एखाद्या भटक्याला रोज पोळी घालतात, त्यांच्यासाठीही. विषय दोन आहेत, कुत्र्याचा कान आणि कुत्र्याचं वजन. बरेच जण विचारतात की कानासाठी कुठले ड्रॉप्स आणू आणि वजनासाठी काय खायला घालू. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही तक्रारी एकाच वेळी दिसत असतील तर आधी त्या एकत्र ठेवून बघा.

आमच्या घरी बंड्या आहे. साधा गावठी, दिघीच्या गल्लीत जन्मलेला, दोन वर्षांचा. माउलींची पालखी दिघीतून पुढे गेली की आमच्याकडे पाऊस धरतो, आणि कुत्र्यांच्या कानाचा सीझनही तेव्हाच सुरू होतो. बंड्या डाव्या कानाला सारखा पाय मारायचा, डोकं झटकायचा. कानाला आंबूस वास येत होता. त्याच महिन्यात वजन १५ किलोवरून १२.६ वर आलं. ऐकायला अडीच किलो कमी वाटतं. पण ६० किलोच्या माणसाचं महिन्यात साडेनऊ किलो वजन उतरलं, तर घरचे त्याला उचलून दवाखान्यात नेतील ना?

सल्ले भरपूर मिळाले. खालच्या काकू म्हणाल्या, "अरे, कोमट तेल घाल दोन थेंब." भोसरीच्या कंपनीतला मित्र म्हणाला, "मेडिकलमधून माणसांचे ड्रॉप्स घे, सेम असतात." तिसरा म्हणाला, "दूध-अंडं चालू कर, भरेल." सगळे प्रेमानेच सांगत होते. पण कानात काय आहे हे कुणीच पाहिलं नव्हतं.

आता हा कान समजून घ्या. आपल्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. त्यामुळे बाहेरून दिसतो तो फक्त वरचा भाग. ओल आणि मळ खाली साठतो. बड घातला की मळ आणखी आत ढकलला जातो. आणि आतला पडदा फाटलेला असेल, तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात, बहिरेपणही येऊ शकतं. म्हणून आधी दुर्बिणीने पडदा बघायचा आणि मगच थेंब घालायचे.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तेच केलं. आत दोन गोचीड चिकटलेल्या होत्या. त्या काढल्या, कानातला मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर यीस्ट वाढलेलं. मग त्यांनी बंड्याचा ओठ वर केला. हिरड्या फिक्या. म्हणाल्या, "कानात गोचीड, हिरड्या फिक्या आणि वजन उतरलंय. आज नुसते ड्रॉप्स देऊन मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. रक्त तपासू."

रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स खूप कमी आल्या आणि एर्लिकिया पॉझिटिव्ह. आपल्याकडे ह्याला गोचीड ताप म्हणतात. गोचीड रक्त पिता पिता हा जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. काही कुत्र्यांना लगेच ताप येतो. काहींमध्ये मात्र तो महिनोन्‌महिने लपून राहतो. मग भूक मंदावते, वजन उतरतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळला तर बहुतेक कुत्री गोळ्यांनी बरी होतात, कोर्स साधारण चार आठवड्यांचा. उशीर झाला तर जीव जातो. दहा दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद करू नका.

पण प्रत्येक कान दुखण्यामागे गोचीड नसते हां. कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा काळा मळ दिसला तर बऱ्याचदा माइट्स असतात. तपकिरी, चिकट आणि आंबट वासाचा मळ असेल तर यीस्ट. पिवळा-हिरवा पू असेल तर बॅक्टेरिया. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर मुळाशी ॲलर्जी असू शकते. हे सगळे अंदाज आहेत, नक्की मायक्रोस्कोपच सांगतो. कानाची पाळी फुग्यासारखी सुजली, मान एका बाजूला कलली किंवा तोल जायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वजनाचंही तसंच. प्रत्येक बारीक कुत्रा आजारी नसतो. आपला कारवानी कुत्रा अंगानेच सडपातळ, त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं नॉर्मल आहे. घरी एक सोपी टेस्ट करा. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रा बारीक आहे. मग हात सरळ पसरून त्याची मागची बाजू चाचपा. बरगड्या तशा लागत असतील तर ठीक. आणि वजन करायला घरचा काटा पुरतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. दर रविवारी फोनमध्ये लिहून ठेवा. रोज डोळ्यासमोर असलेला कुत्रा कधी उतरला ते कळत नाही, आकडा मात्र सांगतो.

वजन उतरण्याची आणखी कारणं म्हणजे जंत, दातदुखी आणि नुसतं दूध-पोळीवर ठेवणं. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. बंड्याला आम्ही दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्यायचो. उकडलेलं बिनहाडाचं चिकन, भात, अंडं, सगळं बिनमसाल्याचं. कांदा-लसूण अजिबात नाही, त्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं. शिजवलेली हाडंही नाहीत, ती फुटून आतड्यात टोचतात.

आणि घरातल्या गोचिडी? ही गोचीड भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून फटी बुजवा आणि अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका. दत्तगडाच्या बाजूला गवतातून फिरवून आणलंत, तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटाने चिरडू नका. गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजे पातळ करून कुत्र्याला लावू नका, त्याने विषबाधा होते. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर उठतात.

खर्चाचंही बोलू. कंपनीत ट्रेनी असलेल्या पोराला हे बिल जड जातं, मला माहितीये. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सगळं आज जमणार नाही, आधी कुठलं करू?" आमच्या बाबतीत उत्तर होतं, कानाची काच आणि रक्ताचा सीबीसी. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयही आहे, तिथे विचारून बघा.

बंड्या दोन महिन्यांनी १४.८ किलो झाला. कान अजून दर रविवारी बघतो, वजनाच्याच वेळी. तुम्हीही आज एवढंच करा. कानाचा वास घ्या, ओठ वर करून हिरड्या बघा आणि वजन लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. काही वेगळं वाटलं तर उद्यावर टाकू नका. चला, भेटू पुढच्या भागात!