“मला तर दिसतंय की!”

(रविवारच्या उपासनेनंतर मंडळीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला मधुमेह आणि डोळे या विषयावर बोलायला सांगितलं. मी डॉक्टर नाही. ३४ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं आणि निवृत्त झाल्यापासून जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर तपासणी शिबिरांना जाते. तेव्हा जे पाहिलं आणि जे स्वतः भोगलं तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी एका पाड्यावर एक आजी आल्या. बोट टोचून साखर पाहिली, तर बरीच वाढलेली. मी म्हटलं, “आजी, आता डोळेही तपासू या.” आजी हसल्या. समोरच्या उतारावर चरणाऱ्या शेळ्या त्यांनी मला एकेक करून मोजून दाखवल्या. “मला तर दिसतंय की!” खरोखर, मला स्वतःला त्यातल्या निम्म्याही दिसल्या नव्हत्या. पण बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिला, तेव्हा दोन्ही डोळ्यांत रक्तस्रावाचे ठिपके होते आणि नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या होत्या.

हेच नीट समजून घ्यायचं आहे. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, त्यात केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्या कमकुवत होतात, पाझरतात, काही बंद पडतात. मग पडद्याला रक्त कमी पडतं म्हणून शरीर नव्या वाहिन्या तयार करतं. त्या इतक्या कच्च्या असतात की केव्हाही फुटतात. हे सगळं होत असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बऱ्याचदा नजरही चांगली असते. नजर अधू होईपर्यंत आजार पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो.

आता माझं सांगते. मला मधुमेह आहे हे कळून तेव्हा ११ वर्षं झाली होती. इतरांच्या डोळ्यांत थेंब घालणारी मी, माझा पडदा एकदाही तपासून घेतला नव्हता. एका सकाळी तांदूळ निवडताना ताटात काळे दोरे दिसले. वाटलं, केस पडलेत. बोटांनी काढायला गेले तर दोरे ताटात नव्हतेच, ते माझ्या डोळ्यात होते. तरी मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे काळपट पडदा आला. डॉक्टरांनी विचारलं, “सिस्टर, शेवटची तपासणी कधी केली होती?” मला उत्तर देता आलं नाही. डावा डोळा लेझरने वाचला. उजव्यावर शस्त्रक्रिया झाली, पण त्याने मला आता समोर माणूस उभा आहे एवढंच कळतं.

म्हणून, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तो कळल्याबरोबर पडदा तपासून घ्यावा आणि पुढे साधारण दर वर्षी, किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी म्हणजे ही तपासणी नव्हे. उलट साखर वरखाली होत असताना नंबरही बदलतो, म्हणून साखर स्थिरावल्याशिवाय नवा चष्मा करण्याची घाई करू नका. पैसे फुकट जातात. मधुमेह असलेली आपली सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिचे डोळे पहिल्या तीन महिन्यांतच दाखवा.

साखरेबरोबर रक्तदाबही सांभाळायचा. १९९८ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, की ज्या मधुमेहींचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला, त्यांच्यात पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. तंबाखू आणि मशेरी मात्र सोडायची. आणि नागलीची भाकरी चांगलीच, पण ती कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. डोळ्यात मध, झाडपाल्याचा रस घालणं तर नकोच. पडद्याचा आजार बरा करतील असे थेंब बाजारातही मिळत नाहीत. उपाय म्हणजे लेझर, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, वेळ पडल्यास शस्त्रक्रिया. बहुतेक वेळा त्यांनी आहे ती नजर टिकते. गेलेली सगळी परत येईलच असं नाही.

घरी एक करा. एकेक डोळा हाताने झाकून कॅलेंडर पाहा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. आणि काळे दोरे, काजळीसारखे ठिपके, पडदा ओढल्यासारखं काही अचानक दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

आजींचं लेझर झालं. पण त्यांना शहरातल्या रुग्णालयात न्यायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता. थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. अशा डोळ्यांनी एकट्या बाईने एस.टी.तून उतरून डोंगर चढायचा कसा? त्यातून एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. त्यांचा नातू दोन्ही वेळा शाळा बुडवून सोबत आला, म्हणून ते झालं. ज्यांना नातू नाही, ते येतच नाहीत. त्या शिबिरातून रुग्णालयात जायला सांगितलेल्यांपैकी कितीतरी जण पोहोचले नाहीत, हे माझ्या मनाला फार लागतं.

पुढच्या शिबिरासाठी औषधांचे पैसे आपण दिले आहेत, त्याबद्दल आभार. आता मला माणसं हवी आहेत. सकाळी पाड्यावरून निघून, रुग्णालयात शेजारी बसून, संध्याकाळी हात धरून घरापर्यंत पोहोचवणारी. गाडी असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. नावं महिला मंडळाच्या टेबलावर द्या. तिथे एक वही आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आपली पडदा-तपासणी शेवटची कधी झाली ती तारीखही नावापुढे लिहा. आठवत नसेल, तर ती जागा कोरी ठेवा; मी घरी येऊन विचारीन.