नगर ग्रंथालयाचे वर्ष

(नगर ग्रंथालयांचे कार्यकर्ते, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहरातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या दाराशी एक फळा असतो. नवीन दाखल झालेली पुस्तके, येत्या रविवारचे व्याख्यान, बालविभागाची वेळ, वर्गणी भरण्याची मुदत अशा चार-सहा ओळी त्यावर खडूने लिहिलेल्या असतात. ग्रंथालयाची प्रकृती त्या फळ्यावरूनच कळते. गेल्या महिन्यातील कार्यक्रमाची सूचना जेथे अद्याप पुसलेली नसते, तेथे आतील कपाटांची अवस्था काय असेल हे निराळे सांगावे लागत नाही. आजचा विषय त्या फळ्याचाच आहे. येत्या वर्षात नगर ग्रंथालयाने कोणते उपक्रम योजावेत, कोणत्या सेवा द्याव्यात आणि त्या नागरिकांपर्यंत कशा पोहोचवाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील ग्रंथालये ही नवलाईची वस्तू नव्हे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, लोकहितवादींच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. यांतील कित्येक संस्था प्रारंभी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखल्या जात. मूठभर सुशिक्षितांनी वर्तमानपत्रे व इंग्रजी ग्रंथ वाचावेत एवढाच त्यांचा व्याप होता. पुढे १८९३ मध्ये ठाण्यास 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे आदींनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले आणि १८९८ मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. तेव्हापासून मराठी ग्रंथांचा संग्रह हेच स्वतंत्र कार्य मानले जाऊ लागले. इतक्या जुन्या संस्था आजही चालू आहेत, याचे श्रेय त्या त्या गावच्या नागरिकांचे आहे. सरकार त्यांच्या मदतीस आले ते पुष्कळ उशिरा.

कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयविषयक कायदा केला. भारतातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. या अधिनियमाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवणे अवश्य आहे. अन्य काही राज्यांप्रमाणे येथे ग्रंथालय-कर बसविलेला नाही. नागरिकांच्या संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांस मान्यता देणे आणि त्यांच्या 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा वर्गानुसार अनुदान देणे, ही येथील पद्धती आहे. ग्रंथालयाचा मालक येथे सरकार नव्हे. सभासद व त्यांनी निवडलेले कार्यकारी मंडळ हेच ते चालवितात. त्यामुळे वर्षाचा कार्यक्रम वरून ठरून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळ जागरूक असेल तर फळा भरलेला राहतो, आणि मंडळातील मंडळी निवडणुकीपुरतीच भेटत असतील तर तो कोराच राहतो.

आता प्रत्यक्ष वर्षाकडे वळू या. २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन. १२ ऑगस्ट हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव. दिवसांची उणीव मुळीच नाही. उणीव असते ती त्या दिवसानंतरच्या दिवसांची. दीपप्रज्वलन होते, प्रतिमेस हार घातला जातो, छायाचित्र वृत्तपत्रास रवाना होते आणि सायंकाळी देवघेवीच्या खिडकीशी नेहमीचेच सात-आठ वाचक उभे असतात. कार्यक्रमाचे यश उपस्थितीवरून मोजण्याची सवय सोडून पुढील पंधरा दिवसांत किती नवे सभासद झाले आणि व्याख्यात्याने उल्लेखिलेली पुस्तके कितीदा घरी गेली, याची नोंद ठेवावी. त्यासाठी निराळ्या खर्चाची गरज नाही. देवघेवीच्या नोंदवहीतच ती माहिती असते.

व्याख्यानमालेची परंपरा महाराष्ट्रास सांगावयास नको. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिच्या धर्तीवर गावोगावी माला निघाल्या, आणि अनेक ठिकाणी ग्रंथालयांनीच त्यांचा भार उचलला. एक साधी गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते. व्याख्यानाच्या जागी त्या विषयावरील ग्रंथ एका मेजावर मांडून ठेवले आणि तेथेच घरी नेण्याची सोय केली, तर श्रोत्याचा वाचक होण्यास वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येईन असे म्हणणारा श्रोता बहुधा येत नाही.

दिवाळी अंकांची योजना हा मात्र मराठी ग्रंथालयांचा खराखुरा लोकोत्सव आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून एक प्रथाच निर्माण झाली. एका कुटुंबाने सगळे अंक विकत घेणे शक्य नाही. म्हणून ग्रंथालय ते घेते, थोडी वेगळी वर्गणी आकारते आणि पुढे कित्येक आठवडे ते अंक घरोघर फिरत राहतात. एरवी ग्रंथालयाची पायरी न चढणारी माणसे या काळात येतात. गृहिणी येतात, सेवानिवृत्त येतात, दुकानाचे शटर ओढून दुकानदार येतात. या वाचकांची नावे व आवड टिपून ठेवून, योजना संपताना त्यांच्या हाती एकेक चांगले पुस्तक ठेवणारा ग्रंथपाल आपल्या ग्रंथालयाची सभासदसंख्या वाढवितो. बहुतेक ठिकाणी मात्र अंक परत आला, अनामत परत दिली आणि संबंध संपला, असा व्यवहार घडतो. राज्यात वर्षातून एकदा आपसूक येणारी ही संधी अशी वाया जावी हे खेदजनक आहे.

यानंतर प्रश्न येतो अभ्यासिकेचा. शहरांतील ग्रंथालयांत सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेली जागा कोणती असेल, तर ती अभ्यासिका. लोकसेवा आयोग, बँका, पोलीस भरती, शिक्षक पात्रता अशा नानाविध परीक्षांची तयारी करणारे तरुण-तरुणी तेथे स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. ग्रंथालयाच्या कपाटाशी त्यांचा संबंध क्वचितच येतो. जुन्या कार्यकर्त्यांची याविषयी तक्रार असते. ग्रंथालय म्हणजे खुर्ची आणि पंखा भाड्याने देणारी खोली झाली, असे ते म्हणतात. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. पण ती अपुरी आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात, तेथील मुलीस अभ्यासासाठी शांत, उजेडाची आणि सुरक्षित जागा मिळणे हीच त्या शहराने तिला दिलेली सर्वांत मोठी सेवा असते. तिला कथा-कादंबरीचे वाचक बनवू न शकल्याबद्दल दोष तिचा नव्हे. परीक्षेच्या विषयांवरील संदर्भग्रंथ, वार्षिके, नकाशे, शासकीय प्रकाशने आणि जुन्या प्रश्नपत्रिका अभ्यासिकेतच एका कपाटात ठेवल्या, आठवड्यातून एकदा एखादा अनुभवी अधिकारी तेथे येऊन बसला, तर अभ्यासिका व ग्रंथालय यांतील भिंत आपोआप कमी होते. येथे उपस्थित असलेल्या अधिकारीवर्गाकडून पैशाची नव्हे, अशा एका तासाची अपेक्षा आहे.

बालविभागाविषयी शिक्षकांशी बोलावयाचे आहे. उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी कथाकथन, चित्रे, नाट्यवाचन असे वर्ग पुष्कळ ग्रंथालये भरवितात आणि ते चांगले चालतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बालविभाग ओस पडतो, कारण ग्रंथालय संध्याकाळी उघडते तेव्हा मूल शिकवणीला गेलेले असते. मुलास ग्रंथालयात आणणे कठीण असेल तर ग्रंथालयाने शाळेत जावे. महिन्यातून एकदा पन्नास पुस्तकांची पेटी वर्गात पोहोचली आणि ती उघडण्यास मुलांना मोकळीक मिळाली, तर पुरे. मोकळीक हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. पुस्तक फाटेल म्हणून कुलूपबंद कपाटात ठेवणारी शाळा आणि मुले हात लावतील म्हणून बालविभागास काचा बसविणारे ग्रंथालय, दोघेही पुस्तकाचे रक्षण करतात आणि वाचक गमावतात. 'पुस्तके उपयोगासाठी आहेत' हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र होय. ते पहिले का, हे अशा वेळी उमगते.

पेटीची ही कल्पना नवीन नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात खेड्यांकडे जाणाऱ्या फिरत्या ग्रंथपेट्या होत्या. शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी याचा विचार करण्याजोगा आहे. गावात स्वतंत्र ग्रंथालय उभारणे जमत नसेल, तर तालुक्याच्या ग्रंथालयाशी ठराव करून पंचायतीच्या कार्यालयात वा शाळेत पेटी ठेवता येते. महाबळेश्वरनजीकचे भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे घराघरांतून वाचनालये थाटली गेली. प्रत्येक गाव भिलार होणार नाही आणि तसा आग्रहही नसावा. परंतु एक कपाट आणि त्याची किल्ली सांभाळणारा एक माणूस प्रत्येक गावास मिळू शकतो.

एका वाचकवर्गाची आठवण मात्र कोणत्याही फळ्यावर क्वचितच दिसते. दृष्टिहीन व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या नागरिकांसाठी ग्रंथांची सुगम प्रत तयार करण्यास लेखनाधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराचे समर्थन करणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हा संगणकीय ग्रंथसंग्रहही सुरू झाला. अर्थात जिल्ह्याच्या गावी एक संगणक, एक श्रवणयंत्र आणि मदतीस एक माणूस एवढी व्यवस्था केली की शेकडो पुस्तके त्या वाचकास उपलब्ध होतात. यासाठी नवी इमारत लागत नाही. तळमजल्यावर एक मेज मात्र लागते. ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आणि जिना अरुंद, ही अनेक जुन्या वास्तूंची अडचण आहे. तेथे आठवड्यातून एक दिवस खाली बसण्याची सोय करावी.

घरपोच सेवेचे महत्त्व २०२० मध्ये सर्वांना पटले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, ग्रंथालये बंद पडली, आणि राज्यात ती उघडण्यास ऑक्टोबर उजाडला. त्या महिन्यांत वृद्ध सभासदांची वर्गणी चालू राहिली, पण पुस्तक मिळेना. त्या अनुभवानंतर आजारी व वयस्क सभासदांच्या दारी पुस्तक नेऊन देण्याची सेवा ज्यांनी कायम केली, त्यांचे कौतुक करावयास हवे. सायकलवरून पुस्तके घेऊन जाणारा सेवक हा ग्रंथालयाचा उत्तम प्रचारक असतो. तो वाचकास नुसते पुस्तक देत नाही, पुढचे कोणते वाचावे हेही ऐकून येतो.

हा सेवक आणि हा ग्रंथपाल यांच्या वेतनाचा विषय येथे टाळता येणार नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु अनुदान संस्थेस मिळते, कर्मचाऱ्यास शासकीय वेतनश्रेणी मिळत नाही. लहान ग्रंथालयातील माणूस सकाळ-संध्याकाळ दार उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रे लावतो, नोंदी करतो, आणि महिन्याअखेर हाती येणाऱ्या रकमेवर त्याचे घर चालत नाही. अशा माणसाकडून बालविभाग, फिरती पेटी, घरपोच सेवा आणि व्याख्यानमाला यांची अपेक्षा करणे सोपे आहे. अनुदानाचा हप्ता लांबला म्हणजे पहिली कात्री पुस्तकखरेदीस लागते आणि दुसरी त्याच्या पगारास. कार्यकारी मंडळांनी वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना समारंभाच्या मंडपाचा खर्च आधी लिहावा की या माणसाचे वेतन, हे त्यांनीच ठरवावे.

मार्च महिन्यात बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकांची पडताळणी चालते, हिशेब तपासले जातात आणि गहाळ ग्रंथांची यादी तयार होते. त्या यादीसोबत आणखी एक यादी करता येईल: गेल्या तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांची. त्यांतील काही जीर्ण असतील, काही कालबाह्य. पण काही केवळ वरच्या फळीवर असल्याने कोणास दिसली नसतील. ती खाली आणून दाराजवळच्या मेजावर मांडावीत, त्यांची नावे फळ्यावर लिहावीत, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या शाळांच्या मुख्याध्यापकांस व लगतच्या ग्रामपंचायतींस पत्र पाठवावे. पेटीची मागणी, मुलांची संख्या आणि सोयीचा वार कळविण्यासाठी एक उत्तरपत्रिका सोबत जोडावी. उत्तर न आल्यास जूनच्या आधी एकदा स्वतः जाऊन यावे.