मोटारीचा ब्रेक आणि पिवळा दिवा



आयुष्यभर सायकलच चालविलेल्या आमच्यासारख्या शिक्षकाने मोटारीच्या ब्रेकवर बोलावे, हे थोडे विनोदीच. परंतु प्रसंगच तसा घडला. आमच्या पुतण्याच्या मोटारीत जोराने ब्रेक दाबला असता पेडल थरथरे. एका मिस्त्रीच्या सल्ल्याने त्याने अँटी-लॉक ब्रेकचा फ्यूजच काढून टाकला. गेल्या श्रावणात आंबोली घाटातील ओल्या वळणावर गुरे आडवी आली. चाके जागच्या जागी आवळली. त्याने स्टिअरिंग फिरविले, पण मोटार सरळ कठड्यावर गेली. जीव वाचला, मनगट मोडले.

घसरणारे चाक वळत नाही, हे यातील मर्म. चाक अडकू लागताच ही यंत्रणा दाब क्षणभर सैल करून पुन्हा देते, तेही सेकंदास अनेक वेळा. थरथर ती हीच. अशा वेळी पाय उचलू नये. ब्रेक दाबून धरावा नि वाट काढावी. सुट्या खडीवर वा वाळूत मात्र अडकलेले चाक आपल्यापुढे ढीग रचून लवकर थांबते. म्हणून रानवाटांसाठी केलेल्या काही मोटारसायकलींत मागील चाकापुरती यंत्रणा बंद करण्याची सोय असते. डांबरी रस्त्यास तो न्याय लागू नाही. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली, ती उगाच नव्हे.

फ्यूज काढल्यापासून मोटारीच्या फलकावर पिवळा दिवा जळत होता. त्याच मोटारीतून आम्ही दोनदा लग्नकार्यास गेलो. दिवा पाहिला, विचारले नाही.