घोरण्यांतील शांतता

घरांत कोणी घोरूं लागला कीं मंडळी हंसतात, कुंभकर्णाची आठवण काढतात आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतात. घोरणें म्हणजे गाढ झोपेची खूण, अशी समजूतहि पुष्कळांची असते. ती खरी नाहीं.

जागेपणीं घशाचे स्नायू श्वासाची वाट मोकळी ठेवतात. झोपेंत ते सैल पडतात. उताणें निजल्यास जीभ मागें घसरते, वाट अरुंद होते, आणि तींतून जोरानें जाणाऱ्या हवेमुळें मऊ टाळू व पडजीभ थरथरूं लागतात. तोच हा आवाज. मानेभोवतीं सांचलेली चरबी, चोंदलेलें नाक, लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल, धूम्रपान आणि निजण्यापूर्वीं घेतलेलें मद्य यांनीं ही अडचण वाढते.

कधीं वाट पुरतीच मिटते आणि आवाज एकाएकीं थांबतो. ऐकणाऱ्यास बरें वाटतें. पण जपण्याची वेळ तीच. छाती हालत असते, हवा मात्र आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठा गचका देऊन श्वास पुन्हां सुरू होतो. दहा किंवा अधिक सेकंदांचे असे खंड तासांत पांचांहून अधिक वेळां पडूं लागले, कीं त्यास निद्राश्वासरोध म्हणतात. रुग्णास बहुधा याचा पत्ताच नसतो. सकाळीं डोकें जड होतें, दिवसां पेंग येते, पुढें रक्तदाब वाढूं शकतो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं मुंबईंत निवर्तलेले संगीतकार बप्पी लाहिरी यांना हाच विकार होता, असें त्यांच्या डॉक्टरांनीं सांगितलें होतें.

धोका अंथरुणापुरता राहत नाहीं. पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटांतून कोकणांत उतरणारा रस्ता पहा: वळणामागून वळण, आणि पावसाळ्यांत दाट धुकें. रात्रभर श्वासासाठीं झगडलेला मनुष्य तेथें मोटार हांकीत असेल, तर क्षणाची डुलकीहि पुरे. पौडच्या घरीं त्याची पत्नी रात्रीं जें ऐकते, त्याच्याशीं गाडींतील साऱ्यांचे प्राण बांधलेले असतात.

उपाय आहेत. कुशीवर निजावें, उताणें वळण्याची संवय असल्यास पाठीशीं उशी ठेवावी. उशाकडील बाजू थोडी उंच करावी. लठ्ठ मनुष्यानें वजनाचा दहावा हिस्सा उतरविला तरी पुष्कळदां फरक पडतो. मद्य आणि डॉक्टरांस न विचारतां घेतलेल्या झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. मूल रोज घोरत असल्यास नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावें. श्वास खंडत असेल तर निद्राचाचणी करावी. मुखवट्यावाटें हवेचा मंद दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ति ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली. त्या धर्तीचें ‘सीपॅप’ यंत्र आज आपल्याकडेहि मिळतें.

घोरणाऱ्यास आपलें घोरणें ऐकूं येत नाहीं. म्हणून कूस बदलण्यापूर्वीं घटकाभर तुम्हीच ऐका, मधली शांतता मोजा, आणि ती त्याला व डॉक्टरांना सांगा.