कच्च्या खेळाडूची मिनिटं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा संपते आणि लगेच एका चर्चेला तोंड फुटतं. एकोणीस वर्षांचा, जवळपास सात फुटी पोरगा असतो. उडी अशी की बघत राहावं, हात लांबसडक. पण पाठीशी बचावपटू घेऊन वळायची वेळ आली की पाय अडखळतात, आणि सामना रंगात येण्याआधीच फाउल झाल्यामुळे त्याला बाकावर बसवावं लागतं. कॉलेजचं एक वर्ष झालंय. आता थांबायचं, की एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या फेऱ्यांमध्ये, नाव द्यायचं? मामा, शाळेतला कोच, एजंट, वर्तमानपत्रं, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: कितव्या नंबरवर उचलतील?

विचारायला हवं ते निराळंच. तिथे गेल्यावर त्याला खेळायला किती मिनिटं मिळणार? आणि रोज त्याच्याबरोबर उभं राहून त्याचे पाय सुधारून घेणारा माणूस कोण?

कोकणातला बागायतदार आंबा हिरवाच उतरवतो. देठाजवळचे खांदे भरलेत का, आत बाठा धरलाय का, एवढं तो बघतो आणि झेल्याने अलगद, देठासकट काढतो. मग भाताच्या पेंढ्यात अढी लावायची. फळ भरलेलं असेल तर हिरवं असूनही अढीत पिकतं. कोवळंच काढलं तर सुरकुततं, कितीही पेंढा घाला. आणि भरलेलं फळसुद्धा अढीत टाकून विसरून चालत नाही. उलगडून बघावं लागतं, डागी फळ बाजूला काढावं लागतं. म्हणजे फळ बघायचं तशी अढी कोणाच्या हाती आहे तेही बघायचं. बास्केटबॉलच्या गप्पांत फळाची चिकित्सा खूप होते, अढीचं नावही निघत नाही.

२००१ साली क्वामे ब्राऊनला वॉशिंग्टनने पहिल्या क्रमांकावर घेतलं. थेट शाळेतून पहिल्या क्रमांकावर गेलेला तो पहिलाच खेळाडू. संघाचा कारभार मायकल जॉर्डनच्या हातात होता आणि त्याच हंगामात जॉर्डन स्वतः पुन्हा मैदानात उतरला. त्या संघाला सामने जिंकायची घाई होती, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला चुका करू द्यायला सवड नव्हती. पहिल्या हंगामात ब्राऊन सामन्याला सरासरी चौदा मिनिटं खेळला, गुण साडेचार. पुढे तो बारा हंगाम टिकला, हे विसरू नये. पण अपेक्षेच्या जवळपासही पोचला नाही.

आता जर्मेन ओनील. १९९६ साली शाळेतूनच गेला, सतराव्या क्रमांकावर, पोर्टलंडकडे. तिथे त्याच्या पुढे साबोनिस, रशीद वॉलेस, ब्रायन ग्रँट असे तयार गडी. चार हंगामांत त्याची सरासरी अकरा-बारा मिनिटं. त्याच्यात काही नाही, असं लोक बोलायला लागले होते. २००० साली त्याला इंडियानाला दिलं आणि पहिल्याच हंगामात मिनिटं झाली बत्तीस. त्याने जवळजवळ तेरा गुण आणि दहा रिबाउंडची सरासरी राखली. २००२पासून सलग सहा वर्षं तो ऑल-स्टार होता. पोरगा तोच, अढी बदलली.

म्हणून पुन्हा सांगायचं ते हेच, श्रोतेहो: मिनिटं विचारा.

कॉलेजात राहिलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. टांझानियाचा हशीम थबीत कनेक्टिकट विद्यापीठात तीन वर्षं राहिला. २००९ साली दुसऱ्या क्रमांकावर मेम्फिसने घेतला आणि पहिल्याच हंगामात त्याला खालच्या, डी-लीगच्या संघात पाठवावं लागलं. उलट, टिम डंकन. सेंट क्रॉई बेटावरचा हा मुलगा मुळात जलतरणपटू. १९८९च्या ह्यूगो चक्रीवादळात बेटावरचा मोठा तलाव उद्ध्वस्त झाला आणि हा बास्केटबॉलकडे वळला. वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळलेल्या पहिल्या सामन्यात त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. दोन वर्षांत तो असा तयार झाला की एनबीएची दारं उघडीच होती. पण शिक्षण पुरं करीन असा शब्द त्याने आईला दिला होता, आणि आता ती हयात नव्हती. चारही वर्षं राहिला, मानसशास्त्राची पदवी घेतली, १९९७ साली पहिल्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या दिवसापासून खेळला. सॅन अँटोनियोला त्याने पाच विजेतेपदं मिळवून दिली. त्या चार वर्षांत त्याने बाक कमी आणि मैदान जास्त पाहिलं, हे लक्षात घ्या.

हकीम ओलाजुवानची गोष्ट तर या सगळ्यांवर कडी करते. नायजेरियात हँडबॉल आणि फुटबॉल खेळलेला हा मुलगा १९८० साली ह्यूस्टन विद्यापीठात आला. पहिलं वर्ष त्याला सामन्यात उतरवलंच नाही. मग मिनिटं कुठून आली? ह्यूस्टनमधल्या फाँडी या सार्वजनिक जिममध्ये. उन्हाळ्यात तिथे मोझेस मलोन यायचा. एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू, आणि स्वतः १९७४ साली शाळेतून थेट व्यावसायिक संघात गेलेला! बास्केटखाली खांद्याला खांदा लावून तो या पोराला रेटायचा, चुकला की पुन्हा उभं करायचा. तीन हंगामांनी, १९८४ साली, ओलाजुवान पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये मायकल जॉर्डन तिसरा होता.

पैशाचं काय, असं कोणी विचारेल. बरोबर आहे. आई दोन पाळ्यांत राबत असेल तर पोराला थांब म्हणणं सोपं नाही, आणि घरबसल्या उपदेश करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण हिशेब नीट मांडा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला दोन वर्षांची हमी असते. तिसरं-चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. खरा मोठा करार त्यानंतरचा, आणि तो मिळतो मैदानावर दिसलेल्याला. दुसऱ्या फेरीत तर तेवढीही हमी नसते. शिवाय जुलै २०२१पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर नि चेहऱ्यावर कमावू शकतात, आणि २०२५पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली आहेत. आपोआप पात्र होण्याआधीच ड्राफ्टमध्ये नाव देणारे २०२१ साली ३५३ होते, २०२५ साली १०६. घाईचं निम्मं कारणच गेलं.

आपला सतनाम सिंग आठवतो ना? पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला आणि २०१५ साली डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. आपल्याकडे केवढा आनंद झाला! कॉलेजात तो गेलाच नव्हता. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, डी-लीगमध्येही फारशी मिनिटं मिळाली नाहीत. बावन्नावा नंबर सगळ्यांनी साजरा केला. तो खेळणार कुठे, हे किती जणांनी विचारलं?

वेळ संपत आली. अशा पोरांसाठीच २०२० साली काढलेला इग्नाइट हा संघ २०२४ साली का बंद झाला, युरोपातली मुलं सोळाव्या वर्षी मोठ्यांबरोबर कशी खेळतात, हे राहूनच गेलं. एक मात्र सांगायलाच हवं. नाव दिलं म्हणजे परतीचा रस्ता बंद, असं नाही. संघांपुढे चाचणी देता येते, जाणकारांचं मत घेता येतं आणि ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागे घेता येतं. त्या आठवड्यांत संघ पोराची उंची मोजतात, उडी मोजतात, हाताची लांबी मोजतात. तेव्हा पोराच्या घरच्यांनीही विचारावं: तुमच्याकडे या जागेवर आधीच किती जण आहेत, याला रोज शिकवणार कोण, आणि नोव्हेंबरात हा कुठल्या गावात, कुठल्या संघातून खेळत असेल?